देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय

वाट पाहण्याबद्दल बायबलमध्ये पुष्कळ वचनं आहेत, पण आपल्या विदर्भातल्या माणसाच्या डोक्यात लगेच शिरणारं वचन याकोबाच्या पत्रात आहे, 5 वा अध्याय, 7 वं वचन. याकोब म्हणतो, शेतकरी कसा पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत धीर धरतो ते बघा, तसा तुम्ही पण धरा. तिकडचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, त्यांचा उन्हाळा अख्खा कोरडा जातो, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास पहिला पाऊस पडून दगड झालेली जमीन नरम होते, त्यावर गहू अन् जव पेरतात, आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरतो. आता या मधल्या महिन्यांत तो शेतकरी काय करत होता? झोपून तर नव्हता ना. नांगरलं, पेरलं, निंदलं, राखण केली. पाऊस तेवढा त्याच्या हातात नव्हता, अन् तो पाडायच्या भानगडीत तो पडला पण नाही.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पाऊस देवाकडं ठेवायचा, पेरणी आपल्याकडं. आपली गडबड होते ती या दोन्हीची अदलाबदल केल्यामुळं, म्हणजे पावसाच्या चिंतेनं रात्र रात्र जागायचं आणि पेरणीचं कोणी विचारलं की "प्रभू पाहून घेईल ना बाप्पा" म्हणून मोकळं व्हायचं.

आधी वाटणी करा

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. ज्या गोष्टीची वाट पाहताय त्यातलं आपल्या हातातलं एका बाजूला, देवाच्या हातातलं दुसऱ्या बाजूला. ऐकायला फार सोपं वाटतं पण करून पाहा, अर्धा तास जातो आणि मधेच कुठंतरी लाज पण वाटते. समजा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. जाहिरात कधी निघेल, जागा किती, कटऑफ किती लागेल, हे सगळं देवाच्या बाजूला. पण सकाळी उठून ग्राउंडवर जाणं, 1600 मीटरचा टाइम कमी करणं, सेतू केंद्रात जाऊन डोमिसाईल अन् नॉन क्रिमीलेअर वेळेवर काढून ठेवणं, हे कोणाच्या बाजूला? फॉर्मची शेवटची तारीख गेली तर ती देवाची वेळ नव्हती असं म्हणायची आपल्याकडं फार सवय आहे. माफ करा, पण ती तहसीलची वेळ होती आणि ती आपण चुकवली, त्यात देवाचं नाव घालू नये.

नहेम्याचं पुस्तक या कामासाठी वाचा, पहिले दोनच अध्याय पुरतात. नहेम्या पारसाच्या राजाच्या चाकरीत होता, यरुशलेमची भिंत पडलेली आहे ही बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळाली, रडला, उपास केला, प्रार्थना केली, आणि राजापुढं बोलायची संधी आली ती निसान महिन्यात, म्हणजे मधे साधारण चार महिने गेले. आता राजानं विचारल्यावर त्याचं उत्तर बघा, किती दिवस लागतील ते सांगतो, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं मागतो, आणि लाकडासाठी जंगलाच्या अधिकाऱ्याच्या नावानं पत्र मागतो, त्या अधिकाऱ्याचं नाव आसाफ हे सुद्धा त्याला माहीत आहे. म्हणजे चार महिने हा माणूस नुसते डोळे मिटून बसलेला नव्हता, सगळी यादी तयार होती. पुढं भिंत 52 दिवसांत उभी राहिली, लोक त्या 52 दिवसांवर साक्षी देतात पण आधीच्या चार महिन्यांचं कोणी बोलत नाही.

घाई झाली की काय होते

आपल्याकडं कृषी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पहिल्या सरीवर सोयाबीन टाकून मोकळा होतो, मग पंधरा दिवस उघाड पडते आणि दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च डबल. कष्टात तो माणूस कमी नसतो, उलट जास्तच असतो. फक्त शेजाऱ्याचं तिफन चाललेलं पाहून त्याच्यानं थांबवत नाही.

शौल राजाचं असंच झालं (1 शमुवेल 13). शमुवेल संदेष्ट्यानं त्याला सात दिवस गिलगालला थांबायला सांगितलं होतं. समोर पलिष्टी जमलेले, इकडं सैनिक भिऊन एकेक करून पळून राहिलेले, सातवा दिवस आला आणि शमुवेलाचा पत्ता नाही. मग जे होमार्पण शमुवेल येऊन करणार होता ते शौलानं स्वतःच करून टाकलं. ते संपते न संपते तोच शमुवेल हजर. मला शौलाची खरंच कीव येते, कारण त्याची कारणं एकदम पटण्यासारखी आहेत, तुम्ही आम्ही असतो तर हेच केलं असतं. पण घाईची कारणं नेहमी पटण्यासारखीच असतात, म्हणून तर माणूस फसतो.

अब्राहामाचं पण बघा. देवानं बोलावलं तेव्हा तो 75 वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा 100 चा, म्हणजे 25 वर्षं. मधे बायको सारेनं सुचवलं म्हणून तिची दासी हागारेपासून इश्माएल झाला तेव्हा तो 86 चा होता. त्यांनी देवाला नाकारलं नव्हतं बरं का, देवाचं वचन आपल्या हातानं पुरं करायला निघाले होते एवढंच, आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त कोणी मोजली तर हागारेनं, जिला कोणी विचारलं पण नव्हतं. आपल्या घाईची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो हे लक्षात ठेवा.

म्हणून मोठा निर्णय घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मी भिऊन करतोय का, शेजाऱ्याचं किंवा भावकीतल्या कोणाचं पाहून करतोय का, आणि हे केल्यावर कोणापासून लपवावं लागणार आहे का. नोकरी लावून देतो म्हणून एजंट दोन लाख मागतो, त्यात तिन्ही उत्तरं हो येतात. पोरीचं वय चाललं म्हणून चौकशी न करता स्थळ पक्कं करणं, बचत गटाचं अन् फायनान्सवाल्याचं दोन्हीकडून कर्ज काढून लग्न उरकणं, त्यात पण तेच. आणि लग्नाचं निघालंच आहे तर सांगते, आपल्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार खूप आहे, मुलगा मुलगी दोघांची रक्ततपासणी आधी करा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के असते. तपासणीसाठी चार दिवस थांबलं तर कोणाचा विश्वास कमी होत नाही.

तारीख सांगणाऱ्यांपासून लांब

हे जरा कडक लिहिते. मंडप टाकून मीटिंगा होतात, बाहेरून कोणी सेवक येतो, डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो की तीन महिन्यांत तुझ्या घरी पाळणा हलेल, सहा महिन्यांत कर्ज फिटेल. बायका बिचाऱ्या कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. पुढच्या वर्षी तो सेवक येतच नाही, आणि ती बाई समजते की आपल्याच विश्वासात कमी आहे.

यिर्मया 28 वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्या लोकांपुढं सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिरातून नेलेली सगळी भांडी परत येतील. लोकांना ते किती गोड लागलं असेल. यिर्मया म्हणतो आमेन, देव तसंच करो, पण खरी गोष्ट तशी नाही. पुढच्याच अध्यायात त्यानं बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं, त्यात आकडा होता 70 वर्षं. आपण ज्या 29:11 चे कॅलेंडर भिंतीवर लावतो ना, तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत वगैरे, ते या 70 वर्षांच्या पत्रातलं आहे, ऐकणाऱ्यातले कित्येक म्हातारे ते परत जाणं बघायला जगणार नव्हते. कॅलेंडर काढून टाका असं मी म्हणत नाही, पण त्याच्या आधीची 5 ते 7 ही वचनं पण वाचा. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे 70 वर्षं पेट्या बांधून दारात बसू नका.

प्रभू येशूनं शिष्यांना स्वर्गात जायच्या आधी सांगितलं की काळ आणि समय पित्यानं स्वतःच्या हातात ठेवले आहेत, ते जाणणं तुमच्याकडं नाही (प्रेषितांची कृत्ये 1:7). बारा शिष्यांतल्यांना जे सांगितलं नाही ते मंडपातल्या पाहुण्याला कुठून कळलं, एवढं विचारायला हरकत नसावी.

तक्रार करा, चालते

आमच्याकडं एक म्हातारी म्हणते, "देवाशी भांडाचं नाही तं कोणाशी भांडाचं वं, तोच एक हाये जो उठून जात नाही." मला हे कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त पटते. 13 व्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा कोठवर, कोठवर म्हणून विचारतो. 88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, शेवटी हालेलुया पण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. हन्ना मंदिरात लेकरासाठी रडत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते, तर एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आली.

आणि मार्था. लाजर आजारी आहे हा निरोप मिळाल्यावर येशू आहे तिथंच अजून दोन दिवस राहिला, पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था तोंडावर म्हणते, प्रभू तू इथं असता तर माझा भाऊ मेला नसता, मागून मरीया येते ती पण तेच म्हणते. येशूनं दोघींपैकी कोणालाही रागावलं नाही. लाजराला उठवणार हे त्याला माहीत होतं आणि तरी तो रडला. उशीर का केला याचं कारण त्यानं शिष्यांना थोडंफार सांगितलं होतं, पण बहिणींचं दुःख त्यानं कारण देऊन झटकलं नाही.

करायचं असं, की रोज एक ठरलेली वेळ त्या एका गोष्टीच्या प्रार्थनेला द्या, दहा मिनिटं पुरे, त्यात जे रडायचं भांडायचं ते मोकळेपणानं करा, मराठीत वऱ्हाडीत जसं येईल तसं, शुद्ध भाषेची गरज नाही. आणि उरलेल्या दिवसात तो विषय मनात आला की स्वतःला सांगा, उद्या सकाळी त्याची वेळ आहे, आता दळण आणायचं आहे. पहिले काही दिवस जमत नाही. दिवसभर तेच तेच घोळवणं आणि प्रार्थना यात फरक आहे आणि तो फरक वेळ ठरवून दिल्याशिवाय कळत नाही, निदान मला तरी कळला नाही.

मधले दिवस

योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा, मिसरचा राजा फारो याच्यापुढं उभा राहिला तेव्हा 30 चा. तुरुंगात त्यानं प्यालेबरदाराच्या, म्हणजे फारोला पेला भरून देणाऱ्या चाकराच्या, स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि म्हणाला की सुटलास तर माझी आठवण ठेव, फारोला माझं सांग. म्हणजे ओळख लावायचा प्रयत्न त्यानं केला, ते काही पाप नाही. प्यालेबरदार विसरला, आणि अजून पूर्ण दोन वर्षं गेली. पण त्या काळात त्याच्या हातात जे काम आलं, आधी पोटीफराच्या घराचा कारभार, मग तुरुंगाची व्यवस्था, ते त्यानं नीट केलं, आणि पुढं मिसर देशाचा कारभार हातात आला तो पण कारभारच होता, फक्त मोठा. मला नाही वाटत की प्रत्येक उशीर हे ट्रेनिंगच असते, काही उशीर नुसते त्रासाचेच असतात. पण हातातलं काम चांगलं करणं तोट्यात जात नाही.

दावीदाचं उदाहरण जरा वेगळं आहे, त्याच्या हातात संधी आली होती. त्याला मारायला शोधत फिरणारा शौल एन-गेदीच्या गुहेत एकटा आत आला, माणसं म्हणाली हाच तो दिवस, परमेश्वरानं शत्रू तुझ्या हाती दिला. दावीदानं झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानं पण त्याचं मन त्याला खाऊ लागलं. यातून घ्यायचं काय तर दार उघडं दिसलं म्हणजे देवानंच उघडलं असं नसते. आणि उलट पण आहे, दार बंद झालं म्हणजे सगळं संपलं असं नसते. पौलाला आशियात, म्हणजे तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात, वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जायचं ठरवलं तर तिकडं पण अडलं, मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला. तो तिथं पोचला कसा? चालत राहिला म्हणून. घरी बसून दिशा विचारणाऱ्यापेक्षा रस्त्यावर असलेल्याला वळवणं सोपं जाते.

दवाखाना

हे वेगळं लिहावं लागते याचं वाईट वाटते पण लिहावं लागते. आजारपणात देवाच्या वेळेची वाट पाहणं म्हणजे औषध सोडणं नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, दोन महिन्यांत खोकला थांबला की काही लोक साक्ष देतात आणि गोळ्या बंद करतात, मग आजार उलटतो आणि औषधाला दाद पण देत नाही. साक्ष सहा महिन्यांनी द्या ना, देव तेव्हा पण ऐकतो. लेकरू होत नसेल तर एक वर्ष झाल्यावर, बाईचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरला दाखवा, आणि तपासणी नवरा बायको दोघांची होते, सुनेला एकटीला पाठवू नका. आणि वाट पाहून पाहून जीव नकोसा वाटायला लागला, कर्जानं म्हणा कशानं म्हणा, तर पाळक साहेबांना सांगा, घरात सांगा, आणि 14416 वर फोन करा, ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री पण चालते. एलियासुद्धा झाडाखाली बसून म्हणाला होता की आता माझा जीव घे. देवानं त्याला आधी झोपू दिलं आणि खायला दिलं, प्रवचन नाही दिलं.

घरच्या माणसाच्या विश्वासाची वाट

हे सगळ्यात अवघड, कारण दुसऱ्याचं मन हे पूर्णच रेघेच्या त्या बाजूला आहे. नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्याला जवळचं, नागपूरला राहिलेला माणूस. रेल्वेत भेटलेल्या एका मिशनरीनं त्यांना नवा करार दिला, 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर मोडल्यासारखं झालं, त्यांची बायको लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढं त्या परत टिळकांकडं आल्या तरी आपला धर्म पाळतच आल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. पाच वर्षं. नवऱ्याला किंवा सासूला रोज वचन ऐकवून, टोमणे मारून, जेवताना मुद्दाम मोठ्यानं प्रार्थना करून कोणी विश्वासात येत नाही, वैतागतो तेवढा. त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि त्यांच्याशी नीट वागा, बाकी सोडा.

उत्तर "नाही" असलं तर

हे पण होते आणि कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं. मोशेनं वचनदत्त देश नबो डोंगरावरून बघितला आणि तिथंच वारला, यार्देन ओलांडली नाही. इब्री लोकांस पत्राचा 11 वा अध्याय विश्वासवीरांची मोठी यादी देतो आणि शेवटी सरळ सांगतो की या सगळ्यांना वचनाप्रमाणे फळ मिळालं नाही. मग काही गोष्टींची वाट पाहणं थांबवायचं का? माझं मत, हो, कधी कधी थांबवायचं. भरतीची वयोमर्यादा संपली, ती गोष्ट संपली. त्याचं दुःख करा, पाहिजे तेवढे दिवस करा, आणि कागदाची दुसरी बाजू कोरी करून नवीन रेघ मारा. तीच एक मागणी आयुष्यभर धरून ठेवायची असा काही नियम नाही.

आणि आजूबाजूच्या लोकांसाठी. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, एवढंच त्यांचं बरोबर झालं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. मंडळीत एखादी वाट पाहून राहिली असेल तर दर रविवारी "काही गुड न्यूज?" म्हणून विचारू नका. सोनोग्राफीला तालुक्याला जायचं असेल तर सकाळच्या एसटीनं सोबत जा, आणि जाताना दोन डबे घ्या, कारण नंबर दुपारशिवाय लागत नाही.